आधी माणूस तर येऊ द्या

सुभेदारसाहेबांना काही विचारायचं असेल तर आधी हातातलं काम संपवावं, गॅस बंद करावा आणि मगच विचारावं, हे मला हैदराबादला आल्याच्या पहिल्याच आठवड्यात कळलं. मी एवढंच विचारलं होतं, की पाण्याची मोटर किती वाजता लावता? त्यांनी उत्तराला सुरुवात केली ती ही गल्ली वसली नव्हती आणि इथं सगळी सीताफळाची झाडं होती तिथपासून. मग बोअर कुणी पाडली, पहिल्या खेपेला पाणी का लागलं नाही, पाणी बघणाऱ्याच्या तळहातावरचा नारळ कुठल्या बाजूला कलला, असं सगळं झालं. मी ऑफिसच्या बसकडे डोळे लावून पायरीवर उभी. मोटरची वेळ यायच्या आत बस गेली.

आम्ही नवरा-बायको पुण्याहून नोकरीसाठी आलेलो. दिलसुखनगरच्या एका आतल्या गल्लीत त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला. खाली ते आणि काकू. परक्या गावात मराठी घरमालक मिळाला म्हणून आम्ही किती खूश झालो होतो. त्यांच्या वडिलांनी नांदेडकडची शेती सोडून अफझलगंजच्या एका कापडदुकानात नोकरी धरली, तेव्हापासून हे घराणं हैदराबादचं. शाळा नारायणगुड्याला झाली, मग फौज. त्यामुळे त्यांची मराठी घरची होती, पण तिच्यात ‘हौ’ आणि ‘नक्को’ आणि ‘खामखा’ मिसळलेलं होतं, आणि मधूनच फौजेतली हिंदी कडक सलाम ठोकून जायची. गल्लीतले तेलुगू, उर्दू, मारवाडी सगळेच त्यांना सुभेदारसाब म्हणत. आम्हीही तेच म्हणायला लागलो.

उंच, हाडकुळे, डाव्या पायानं लंगडणारे. मांडीत गोळी लागली होती. कारगिलच्या लढाईतली. दिवाणखान्यात शौर्यपदक होतं, पण ते टीव्हीच्या मागे, वायरींच्या गुंत्यात ठेवलेलं. समोर काय ठेवलेलं होतं, तर इस्त्रीचं टेबल.

त्यांचा जाच लहानसहान गोष्टींचा होता, आणि म्हणूनच असह्य होता. आमच्या दाराबाहेरच्या चपला आम्ही ऑफिसातून येईपर्यंत टाचा भिंतीला लावून रांगेत उभ्या असायच्या. गच्चीवर मी कपडे वाळत घातले की थोड्या वेळानं ते येऊन दोरीची गाठ सोडायचे आणि नव्यानं बांधायचे. “ही गाठ वाऱ्याला टिकणार नाही, बाई.” त्यांची गाठ वाऱ्याला टिकायची हे खरं, पण ती कुणालाच सुटायची नाही. शेवटी मी दोरी कात्रीनं कापली, तर माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. तो आठवडा फार सुखाचा गेला.

पण खरा छळ वेगळाच होता. तो म्हणजे त्यांची लढाईची गोष्ट.

आमच्या गल्लीच्या असोसिएशनवर मला सांस्कृतिक कामासाठी घेतलं होतं. मी उत्साहानं ठरवलं, की पंधरा ऑगस्टला सुभेदारसाहेबांना बोलायला लावायचं. घरात पदक मिळवलेला सैनिक असताना मुलांना कुठल्या तरी पुढाऱ्याचं भाषण का ऐकवायचं? जुनी माणसं माझ्याकडे दयेनं बघत होती. मला त्याचा अर्थ कळला नाही.

झेंडावंदन झालं. साहेब पांढऱ्या कडक कपड्यांत माइकसमोर उभे राहिले आणि हिंदीत म्हणाले, “मी आज माझ्या जोडीदाराबद्दल सांगणार. लातूरकडचा गडी. आमच्या लढाईत गेला. तर बच्चेलोग, पहिली गोष्ट ही, की तो फार घोरायचा.”

मुलं हसली. मीही हसले. मला वाटलं, छान सुरुवात केली. मग तो कसा घोरायचा, पाठीवर कसा आणि कुशीवर कसा, हे झालं. मग त्याला पातळ डाळ आवडत नसे. स्वयंपाक्याशी त्याचं त्यावरून काय भांडण झालं ते दोन्ही बाजूंनी सांगून झालं. मुलं चिक्कीच्या पाकिटांकडे बघायला लागली. आमचे अध्यक्ष तेलुगू, बँकेतून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ. ते मागून हळू आवाजात म्हणाले, “चालु सर, चालु.”

तेलुगूत ‘चालु’ म्हणजे पुरे. साहेबांनी मान डोलावली, “हौ, चालू आहे,” म्हणाले आणि डाळीवरून मोज्यांवर आले.

अख्खा जन्म हैदराबादेत गेलेल्या माणसाला ‘चालु’चा अर्थ माहीत नसेल? मी दुसऱ्या दिवशी चिडून तेच विचारलं. ते चपला सरळ करत होते. म्हणाले, “माहीत आहे की. पण अजून तो डोंगराच्या पायथ्याशीच आहे. त्याला तिथंच सोडून कसं खाली उतरू?”

“पण लोकांना लढाई ऐकायची असते, सुभेदारसाहेब. तो गेला कसा, ते.”

“आधी माणूस तर येऊ द्या,” ते म्हणाले. “मरायची काय घाई आहे त्याला?”

मी वर निघून गेले.

तरीही पुढच्याच वर्षी मी परत त्या फंदात पडले, कारण एका तेलुगू वाहिनीला कारगिल विजयदिनासाठी सैनिक हवा होता आणि माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीनं शब्द टाकला होता. मी अर्ध्या दिवसाची रजा काढली. साहेबांना चार वेळा बजावलं, की या लोकांकडे वेळ कमी असतो. ते “हौ, हौ” म्हणाले. काकूंनी पदक वायरींतून सोडवून पुसून ठेवलं. कॅमेरा लागला, आणि साहेबांनी घोरण्यापासून सुरुवात केली.

मुलाखत घेणारी मुलगी बिचारी हसतमुख होती. तिनं बराच वेळ कळ काढली. मग मधेच विचारलं, “सर, तुम्हाला गोळी लागली त्या क्षणी मनात काय आलं?”

“तिथपर्यंत आलो नाही अजून,” साहेब म्हणाले. “तुम्ही मधे बोललात. आता पहिल्यापासून सांगावं लागेल.”

हा त्यांचा नियम होता. गोष्ट तुटली की पुन्हा घोरण्यापासून. वाहिनीचे लोक सामान आवरून, चहा पिऊन गेली. त्या दिवशी बातम्यांत दुसऱ्याच कुणाची मुलाखत दिसली. मी स्वयंपाकघरात काकूंपाशी जाऊन बसले. संतापानं माझे कान गरम झाले होते.

“तुम्ही तरी पूर्ण ऐकलीय का हो काकू?”

काकू मेथी निवडत होत्या. बिदरकडच्या, कमी बोलणाऱ्या. “नाही गं. मी मोज्यांपर्यंत गेले एकदा. मग कुकरची शिट्टी झाली आणि मी उठले. परत बसले तर परत घोरणं.” त्यांनी एक काडी मोडली. “मग मी विचारलंच नाही. झोपेत मात्र त्याच्याशी बोलत असतात.”

म्हणजे बायकोलाही माहीत नव्हतं. ज्या माणसानं गल्लीतल्या प्रत्येकाला गाठून ती गोष्ट सांगायला घेतली होती, त्याची गोष्ट कुणीच शेवटपर्यंत ऐकलेली नव्हती. मला कीव यायला हवी होती. मला आणखी राग आला. जरा आटोपशीर सांगितली असती तर सगळ्यांनी ऐकली नसती का?

पुढे एका रविवारीही मी भांडायलाच खाली गेले होते. पुन्हा पाण्याची मोटर. दारात पंचविशीतली एक मुलगी उभी होती, पाठीवर सॅक, हातात पिशवी. बँकेच्या परीक्षेच्या क्लाससाठी दिलसुखनगरला येऊन राहिलेल्या शेकडो मुलींपैकी एक वाटली. मला वाटलं खोली बघायला आलीय.

“सुभेदारसाहेब इथंच राहतात का?” तिनं मराठीत विचारलं. “मेसवाल्या मावशींनी सांगितलं. म्हणाल्या, पलीकडच्या गल्लीत एक मराठी फौजी आहेत, पण त्यांच्या तावडीत सापडू नको, सोडत नाहीत.” मग तिला वाटलं आपण बोलायला नको होतं. ती ओशाळली. “तेच हवेत मला.”

साहेब आतून आले. तिनं आपल्या गावाचं नाव सांगितलं, मग वडिलांचं. साहेबांनी दाराची चौकट धरली. त्यांना बोलता येत नाहीय असं मी पहिल्यांदाच बघत होते.

वडील गेल्यानंतर तीन महिन्यांनी तिचा जन्म झाला होता. गावात वेशीजवळ त्यांचा अर्धपुतळा आहे. शाळेला नाव आहे. दर सव्वीस जानेवारीला तिच्या आईला खुर्चीवर बसवतात, शाल देतात आणि कुणी तरी भाषणात तिचे वडील कसे गेले ते सांगतं. “ते मला पाठ आहे,” मुलगी म्हणाली. “एका हातात झेंडा, दुसऱ्या हातात बंदूक, ओठांवर घोषणा. पण आई सांगते, पुतळा बसवला त्या दिवशी एक माणूस कुबड्या घेऊन आला होता. हैदराबादचा. तो पप्पांबद्दल काही तरी वेगळंच सांगायला लागला. लोक हसले, मग चिडले, आणि त्याच्याकडून माइक काढून घेतला. आई मागे बायकांत होती, मी तिच्या मांडीवर. तिला नीट ऐकू आलं नाही. तो माणूस तसाच निघून गेला. मी क्लासला हैदराबादला निघाले तेव्हा आई म्हणाली, जमलं तर शोध त्याला.”

“मीच तो,” साहेब म्हणाले. “घोरण्यावर होतो, तेव्हा माइक नेला. म्हणाले, शहिदाची बेइज्जती करतो. मग मी पुन्हा तिकडं गेलो नाही. कोणत्या तोंडानं जायचं?”

“मला सांगाल?” मुलगी म्हणाली. “माझी गाडी संध्याकाळी आहे. क्लास संपला, मी गावी परत चाललेय.”

काकू उठल्या आणि गॅसवरचा कुकर उतरवून ठेवला. बाहेरची बेल बंद केली. माझ्याकडे बघून त्यांनी फोनकडे बोट केलं, तसा मी तो बंद केला. मोटरचं राहूनच गेलं. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि खरं सांगते, मनात म्हटलं, आता दुपारचं जेवण विसरा.

“तर तुझे वडील फार घोरायचे,” साहेबांनी सुरुवात केली.

घोरणं झालं, डाळ झाली, मोजे झाले. ते मला पाठच होतं. त्याच्यापुढचं मात्र कुणीच ऐकलेलं नव्हतं. तो इंजेक्शनला भयंकर घाबरायचा. लस टोचायच्या रांगेतून एकदा पळाला आणि भांडारात तंबूंच्या ढिगामागे लपला, शिक्षा झाली तरी हसत होता. कंगवा स्वतःचा कधीच नसायचा. आणि झोपेत घोरणं थांबलं की बैल हाकायचा. बर्फात, दगडांच्या आडोशाला, सगळे थंडीनं गारठलेले, आणि हा झोपेत शेताच्या बांधाकडं वळलेल्या बैलाला म्हणतोय, “सरळ चल की लेका, धुऱ्यावर कुठं चाललास.”

मुलगी हसत होती. हसताना तोंडावर ओढणी धरत होती.

“मग तुझ्या आईला दिवस गेल्याचं कळलं,” साहेब म्हणाले. “तेव्हापासून याला नावांचं वेड लागलं. नाव नुसतं कानाला चांगलं असून चालत नाही म्हणायचा. हाक मारून बघायला पाहिजे. संध्याकाळी शेतातून लांबवर ऐकू गेलं पाहिजे. मग रिकामा वेळ मिळाला, की ओढ्याच्या काठावर उभा राहून पलीकडं हाका मारायचा. आम्ही वैतागायचो. एकदा आमचा अफसर तपासायला आला, कुणाला बोलावतोय म्हणून. हा एकदा सुमन म्हणून ओरडला, म्हणाला नाही, मधेच विरतं. कावेरी चांगलं वाटलं होतं त्याला. शेवटचं अक्षर लांबवता येतं म्हणाला.”

मुलीचं हसू थांबलं होतं. “मुलाची नावं?”

“एक पण नाही. मी म्हटलं होतं त्याला, दोन्ही घोकून ठेव. म्हणाला, नक्को, पोरगीच येणार. मी सांगितलंय देवाला.”

ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. साहेब थांबले नाहीत. आता ते डोंगर चढायला लागले होते.

अंधारात चढले. उजाडायच्या आत वरच्या बंकरपर्यंत पोचायचं होतं, पण उजाडलं तेव्हा ते उघड्या उतारावर होते आणि वरून गोळ्या सुरू झाल्या. मशीनगन साहेबांकडे होती. त्यांनी वरच्यांना डोकं काढू दिलं नाही तरच बाकीच्यांना पुढं सरकता येणार होतं. ते मारत राहिले. मग मांडीला धक्का बसला आणि ते उताणे पडले. मशीनगन बंद झाली. पुढचे सगळे जण दगडांना चिकटून अडकले. पुढं जाता येईना, मागं येता येईना.

“हा माझ्यामागं होता. सरपटत आला. पाठीच्या पट्ट्याला धरून मला खाली ओढायला लागला, आणि सारखा बोलत होता. शिव्या देत होता. म्हणे फुकटचं खाऊन किती जड झालास. त्याच्या कानावरून गोळ्या जात होत्या आणि हा माझ्या वजनावर चिडलेला. एका मोठ्या दगडामागं नेऊन टाकलं मला. स्वतःचा पट्टा काढून मांडी आवळली. इंजेक्शनच्या सुईला भिणारा माणूस, पण जखमेत बोटं घालून रक्त थांबवलं त्यानं. मग वर बघितलं. आमची पोरं तशीच अडकलेली. मशीनगन वर पडलेली. मला म्हणाला, ‘इथंच थांब. कुठं जाऊ नको.’” साहेबांनी आपल्या पायावर हात ठेवला. “माझी मांडी फुटलेली. मी कुठं जाणार होतो?”

काकूंच्या हातातली चहाची कपबशी तशीच होती.

“पुढचं मी बघितलं नाही. दगडामागून दिसत नव्हतं. नुसतं ऐकलं. मशीनगन सुरू झाली. त्याची पद्धत मला माहीत होती. थोडं मारायचा, थांबायचा, परत थोडं. मग मधे जास्त वेळ थांबली. मला वाटलं संपलं. परत सुरू झाली. तेव्हा त्याला पहिली गोळी लागली होती, हे नंतर कळलं. तरी मारत होता. तेवढ्यात पोरं बाजूनं वर चढली आणि बंकरमध्ये बाँब टाकले. बंकर शांत झाला. हा अजून मारत होता. मग हा पण शांत झाला. पोरं त्याच्याकडं गेली, तेव्हा मशीनगनवर गाल टेकून पडला होता. त्या दिवशी त्या उतारावरची बाकी सगळी जिवंत खाली आली, बेटा. मी पण.”

साहेबांनी दुखरा पाय सरळ केला. “झेंडा नव्हता त्याच्याजवळ. घोषणा मी ऐकली नाही. शिव्या ऐकल्या, त्या मला होत्या. गावात हेच सांगायचं होतं मला. पण आधी तो कोण होता ते सांगितल्याशिवाय हे कसं सांगू? नुसता मेलेला माणूस सांगितला, तर कुणाचाही असतो तो.”

मी साहेबांवर किती चिडले होते, आणि तेव्हाही माझं डोकं म्हणत होतं, की हे सगळं अर्ध्या वेळात सांगून झालं असतं. पण काय गाळलं असतं, ते मला सांगता आलं नसतं.

काकू पदराला डोळे पुसत उठल्या आणि कुकर परत चढवला. जेवायला चार वाजले. साहेबांनी मुलीच्या पानात डाळ वाढली आणि घट्ट आहे ना, असं दोनदा विचारलं. मग हात धुऊन आले तर दोरीच्या गाठीवरून माझ्याशी वाद घालायला लागले, जणू काही झालंच नव्हतं.

मुलीला गाडीवर पोचवायला मीच गेले. रिक्षात ती बाहेर बघत बसली होती. अफझलगंजजवळच्या मोठ्या बसस्टँडवर गर्दी होती, तिची गाडी लागलेली नव्हती. एका खांबापाशी सामान ठेवून ती म्हणाली, “गावात अजून म्हणतात, मुलगा असता तर बापाच्या जागी फौजेत गेला असता. आईसमोर म्हणतात. ती मान खाली घालून ऐकते. दोघं लग्नानंतर एकत्र राहिले ते एका सुट्टीपुरते. तिला त्यांच्याबद्दल फारसं काही सांगताच येत नाही.”

मग तिनं फोन लावला. आवाजामुळे एका कानावर हात ठेवून मोठ्यानं बोलायला लागली.

“आई, सापडले. अगं हो, तेच. आई ऐक, पप्पांना पोरगीच हवी होती. हो. मुलाचं नाव ठरवलंच नव्हतं. ओढ्याकाठी उभं राहून हाका मारायचे मला.”

ती फोन कानाला घट्ट धरून उभी राहिली. तिच्यामागे कंडक्टर गावांची नावं ओरडत होते. मग एकदम पलीकडून बोलणं सुरू झालं असणार, कारण ती आधी “अं?” म्हणाली, मग “थांब की,” आणि मग रडता रडता हसायला लागली.

“हळू गं आई,” ती म्हणाली. “एकेक विचार.”